घर घेऊन भेटीला

पौष महिना लागला आणि कपाशीची वेचणी आटोपत आली, की आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर-इंद्रवेल्लीकडील वाटांवर छपराच्या बंड्या दिसू लागतात. वर तट्ट्याचे किंवा ताडपत्रीचे छप्पर, आत कडब्यावर अंथरलेली घोंगडी, एका कोपऱ्यात ज्वारी-तांदळाची गाठोडी, दुसऱ्या कोपऱ्यात तवा, पातेली आणि पाण्याची घागर. मध्ये आजी, सुना आणि नातवंडे. शेजारून मोटारी भोंगे वाजवीत निघून जातात. बंडी मात्र आपल्याच चालीने चालते, कारण वाटेत रात्र पडेल ही चिंता तिला नसते. जेथे रात्र पडेल तेथे तिचे घर असते. ही गोंड कुटुंबे घर मागे ठेवून प्रवासाला निघत नाहीत. ती घर बरोबर घेऊन निघतात, आणि निघतात ती आपल्याच माणसांच्या भेटीला.

अमेरिकेत आज हीच गोष्ट मोटारीने करतात. तेथे चाकांवरची घरे मिळतात. त्यांत निजण्याचा पलंग, स्वयंपाकाची शेगडी, पाण्याची टाकी असे सर्व काही असते. नोकरीतून निवृत्त झालेली वृद्ध दांपत्ये असे मोटारघर घेऊन निघतात आणि दूरदूर विखुरलेल्या मुलांना, भावंडांना व जुन्या स्नेह्यांना भेटत फिरतात. मुलाच्या दारात गाडी उभी करावी, दिवस नातवंडांत घालवावा आणि रात्री आपल्या गाडीत येऊन निजावे, असा त्यांचा क्रम असतो. आपल्या देशातही याचे वारे आले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. वर्तमानपत्रांतून ही कल्पना नवी म्हणून वर्णिली जाते. आपल्या जिल्ह्यातील म्हाताऱ्या माणसांना ती नवी वाटण्याचे कारण नाही.

आता कोणी विचारील, ज्याच्याकडे जायचे त्याचे घर तेथे आहेच, मग आपले घर वाहून नेण्याचा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. वर सांगितलेल्या बंड्या जेथे जातात तेथवर आपण मनाने गेलो, तर त्याचे उत्तर सापडेल असे मला वाटते.

इंद्रवेल्लीजवळ केसलापूर नावाचे गाव आहे. पौष अमावस्येच्या रात्री तेथे नागोबाची महापूजा होते आणि मोठी जत्रा भरते. ही पूजा गोंडांतील मेस्राम कुळाची. आपल्या मराठी मुलखात हेच आडनाव मेश्राम असे उच्चारतात. जत्रेपूर्वी या कुळाची एक लहान बंडी गावोगावच्या मेस्राम घरांना वर्दी देत फिरते. मग कुळाची माणसे अनवाणी चालत जन्नारमच्या बाजूला गोदावरीच्या हस्तिनमडुगू नावाच्या डोहापर्यंत जातात, तेथील पाणी झारीत भरून घेतात आणि पुन्हा पायीच केसलापुरास येतात. तोवर कुटुंबांच्या बंड्याही तेथे येऊन पोहोचतात आणि वडाच्या झाडांखाली मुक्काम पडतो. आजकाल पुष्कळजण रिक्षाने, जीपने व टेंपोने येतात. तरी बंडीने येण्याची चाल अद्याप मोडलेली नाही.

त्यांचा देव आणि त्यांचा पूजाविधी आपला नव्हे. तथापि भेटीच्या बाबतीत त्यांच्यापासून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. तीनच गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट चुलीची. मेस्राम कुळाच्या बावीस शाखा आहेत. मुक्कामास हजारो माणसे जमली, तरी स्वयंपाकाच्या चुली बावीसच मांडतात. प्रत्येक घर आपापले धान्य घेऊन आलेले असते. परंतु चूल प्रत्येकाची निराळी नसते. एकीचा स्वयंपाक उतरला की दुसरी आपले भांडे चढविते. साहजिकच एकमेकींसाठी थांबावे लागते, आणि थांबताना बोलणे होते. दाणा आपला, चूल मात्र सर्वांची, असा हा शहाणपणा आहे. प्रत्येकाने निराळी चूल मांडली असती तर काम लवकर उरकले असते, यात शंका नाही. पण मग शेजारच्या बंडीत कोणाचे मूल आजारी आहे आणि कोणाच्या लेकीचे लग्न ठरत नाही, हे कोणाला कसे कळले असते?

दुसरी गोष्ट नव्या सुनांची. वर्षभरात ज्या मुली लग्न होऊन या कुळात आल्या, त्यांना पांढरी वस्त्रे नेसवून देवासमोर आणि वडीलधाऱ्यांसमोर आणतात. या विधीला तेथे ‘भेटिंग’ असे म्हणतात. आपला ‘भेट’ हा शब्द त्यात सहज ओळखू येतो. ही भेट झाली म्हणजे सून खऱ्या अर्थाने कुळाची झाली. लग्नाने ती एका घरात आली होती. भेटीने ती सर्वांची होते. आपल्याकडे लग्नाचा मंडप उतरला की नव्या सुनेची व दूरच्या चुलत्या-मावश्यांची गाठ पुढे कोणाच्या तरी दफनविधीलाच पडते, हे आपण पाहतोच.

तिसरी गोष्ट मृतांची. वर्षभरात कुळातील जी माणसे वारली, त्यांच्या नावाने त्या वडाखाली विधी करतात. म्हणजे आलेल्यांची मोजदाद होताना, जे आता कधीच येणार नाहीत त्यांचीही आठवण सर्वांच्या देखत होते. दुःख घरातल्या घरात कोंडून राहत नाही.

जेथे माणसे मुक्कामाने राहतात तेथे मनातले बोलले जाते, हे एका परदेशी पंडिताच्याही ध्यानात आले होते. १९४० साली जोडेघाट येथे गोंडांचे पुढारी कोमराम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर या लोकांची गाऱ्हाणी समजून घेण्यासाठी निजाम सरकारने मानववंशशास्त्राचे अभ्यासक ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडोर्फ यांची मदत घेतली. ते मूळचे ऑस्ट्रियाचे. ते आपल्या पत्नीसह मारलवाई गावी गोंडांमध्येच राहिले. केसलापूरच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावी, अशी दरबाराची प्रथा त्यांच्या प्रयत्नाने त्या दशकात सुरू झाली. कचेरीच्या दारात उभा असलेला माणूस दोन शब्दांत आपले काम सांगतो आणि पुष्कळसे गिळून टाकतो. वडाखाली चार दिवस राहिलेला माणूस सर्व काही सांगतो. दरबाराला जत्रेची जागा निवडण्यात मोठे मर्म होते.

आता आपल्या घरांकडे वळू या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. पुढे १९६० साली महाराष्ट्र झाला. इकडे २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य झाले, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या जुन्या जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. राज्यकारभाराच्या सोयीसाठी अशा रेघा ओढाव्या लागतात. परंतु एका रेघेच्या अलीकडे बहीण आणि पलीकडे भाऊ राहिला, असे आपल्याकडे शेकडो घरांत घडले. मुलांची शाळा निराळी झाली, शाळेची भाषा निराळी झाली, कागदपत्रे निराळी झाली. ही घरे एकत्र राहिली ती बंडीमुळे. सुगी सरली की बंडी जुंपायची, दिवसाकाठी सात-आठ कोस चालायचे, एक-दोन मुक्काम वाटेत करायचे आणि बहिणीच्या अंगणात जाऊन बैल सोडायचे, हा नेम होता.

माझ्या धर्मग्रामातील एक वृद्ध भगिनी मूळची किनवट तालुक्यातील. तिच्या अनुमतीनेच तिची हकीकत येथे लिहितो. तिचा वडील भाऊ पूर्वी दरवर्षी बंडी घेऊन येत असे आणि चार दिवस राहत असे. पुढे बैल गेले, मोटारसायकल आली. भाऊ मुलाच्या मागे बसून येऊ लागला. पूर्वीपेक्षा अधिक वेळा येऊ लागला, हेही खरे. पण सकाळी यायचे, चहा घ्यायचा, ‘बरं आहे ना?’ म्हणून विचारायचे आणि ऊन चढण्यापूर्वी निघायचे. ती मला एकदा म्हणाली, “फादर, पूर्वी बैल सुटायचे तेव्हा दादा आला असं वाटायचं. आता दादा उठण्यासाठीच येतो.”

तिच्या मनात एक शल्य होते, ते मला फार उशिरा कळले. पंचवीस वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात तिची आई वारली. त्या काळी त्यांच्या गावात टेलिफोन नव्हता. निरोप घेऊन माणूस आला खरा, परंतु ओढ्यांना पूर होता. ती माहेरी पोहोचली तेव्हा दफन होऊन गेले होते. आईचे मुख तिला दिसले नाही. भावाने आपली वाट पाहिली नाही, घाई केली, असे तिने मनाशी धरले. आणि ते ना कधी बोलून दाखविले, ना मनातून काढून टाकले. मोटारसायकलीवरून येणाऱ्या भावाला चहा देताना ते बोलण्याजोगे नव्हतेच.

दोन वर्षांपूर्वी भावाची प्रकृती खालावली. मोटारसायकलीवर बसणे त्याला अशक्य झाले. तेव्हा त्याच्या मुलाने ट्रॅक्टरची ट्रॉली धुऊन काढली, तीत कडबा पसरून त्यावर गादी टाकली, वर बांबूच्या कमानी लावून ताडपत्री ताणली, तांदळाचे अर्धे पोते, गॅसची लहान शेगडी आणि वडिलांची औषधे बरोबर घेतली आणि म्हाताऱ्याला आत्याच्या दारात आणून उभे केले. ट्रॉलीतच निजायचे आणि ट्रॉलीतच शिजवायचे, असा त्याचा बेत होता. आत्याने शेगडी पेटवू दिली नाही. तांदूळ मात्र घेतले. चार दिवस ती ट्रॉली तिच्या अंगणात उभी होती.

तिसऱ्या रात्री अंगणात शेकोटीभोवती सारी मंडळी बसली असता आईचा विषय निघाला. कोणी मुद्दाम काढला नाही. नातवंडांपैकी एकाने पणजी कशी होती म्हणून विचारले, एवढेच. भाऊ सांगू लागला. बोलता बोलता तो म्हणाला, की गावकरी घाई करीत होते, तरी मी दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत आईला घरात ठेवले होते; ओढ्यावर दोन वेळा माणूस पाठविला होता; शेवटी देह राखवेना तेव्हा उचलले. बहीण काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, “हे मला आजवर कुणी सांगितलं नाही, दादा.” तो म्हणाला, “तुला ठाऊक असेल असंच मी समजत होतो.”

पंचवीस वर्षांचे शल्य एवढ्या दोन वाक्यांत निघाले. पण ती वाक्ये यावयास तीन रात्री जाव्या लागल्या. पहिल्या दिवशी पाहुणा असतो आणि यजमान असतो. दुसऱ्या दिवशी पिकापाण्याची, औषधपाण्याची बोलणी संपतात. तिसऱ्या दिवशी नवे सांगण्यासारखे काही उरत नाही, आणि मग जुने ते वर येते. त्या पावसाळ्यानंतर तो भाऊ वारला. या वेळी वाटेत पूर नव्हता. बहीण वेळेवर पोहोचली.

आपले घर बरोबर का न्यावे, याचे उत्तर मला त्या ट्रॉलीत सापडले. आपल्या गावांत चार माणसे चार दिवस राहावयास आली तर घरधनिणीला प्रथम आनंद होतो आणि लगेच डब्यातील पिठाची आठवण होते. गरिबाच्या घरी प्रेम कमी नसते, अंथरुणे कमी असतात. म्हणूनच पाहुणा संकोचतो, सायंकाळच्या आत निघतो, आणि यजमानही मनाविरुद्ध फारसा आग्रह करीत नाही. जो आपला दाणा आणि आपले पांघरूण घेऊन येतो, त्याला राहण्याचा संकोच नाही आणि ठेवून घेणाऱ्याला चिंता नाही. घर बरोबर नेणे म्हणजे तुमच्या घराची आम्हांस गरज नाही असे दाखविणे नव्हे. आम्हांस तुमच्याकडून फक्त तुम्हीच हवे आहात, असे सांगण्याची ती रीत आहे.

पवित्र शास्त्रातही एका अशाच गाडीची कथा आहे. योसेफ मिसर देशात जिवंत आहे, असे त्याच्या भावांनी वृद्ध याकोबाला सांगितले, तेव्हा म्हाताऱ्याचा विश्वास बसेना. परंतु आपल्याला नेण्यासाठी योसेफाने पाठविलेल्या गाड्या त्याने डोळ्यांनी पाहिल्या, आणि त्याच्या जिवात जीव आला. शब्दांनी झाले नाही ते गाड्यांनी झाले. आणि पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या भेटीस गेली ती नमस्कार करून परतली नाही. ती तेथे सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक लिहितो.

येथे एक सावधगिरीचा शब्दही लिहिला पाहिजे. घर बरोबर घेतले म्हणजे भेट साधतेच असे नाही. जॉन स्टाइनबेक हा नामांकित अमेरिकन कादंबरीकार १९६० साली मालट्रकच्या पाठीवर लहानसे घर बांधून घेऊन, सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा घेऊन, आपला देश पाहण्यास निघाला. त्या प्रवासाचे पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. या प्रवासात तो कॅलिफोर्नियात आपल्या बालपणाच्या मुलखात गेला आणि जुन्या मित्राला भेटला. मित्राने प्रेमाने मिठी मारली. परंतु स्टाइनबेकच्या मनाला समाधान झाले नाही. मित्रांनी आपल्याला आठवणीत जसे ठेवले आहे, तसे आपण राहिलो नाही. येथे आपण भुतासारखे आलो आहो, असे त्याला वाटले. गाडी उत्तम होती, प्रेमही खरे होते. मध्ये गेलेली वर्षे मात्र भरून निघाली नाहीत.

केसलापुरास येणाऱ्यांना असे परकेपण वाटत नाही, याचे कारण काय? माझ्या मते कारण एवढेच, की त्यांची भेट ठरलेली असते. ‘सवड मिळाली म्हणजे येईन’ असे तेथे कोणी म्हणत नाही. पौष अमावस्या कोणाच्या सवडीची वाट पाहत नाही. दरवर्षी पाहिलेला माणूस म्हातारा होताना दिसतो, पण परका होत नाही. सेमिनरीत माझ्यासोबत शिकलेला एक मित्र पुढे निराळी वाट धरून नांदेड जिल्ह्यात शिक्षक झाला. ईस्टरनंतरच्या आठवड्यातील एक रात्र मी त्याच्याकडे काढतो. हा नेम आम्ही तरुणपणीच ठरविला, आणि गेली अठरा वर्षे तो चालू आहे. मी जाताना तूरडाळ नेतो. त्याची मुले तिला ‘फादरची डाळ’ म्हणतात. वर्षभरात आमची चार पत्रेही होत नाहीत, पण बोलणे मागच्या वर्षी जेथे थांबले होते तेथूनच सुरू होते.

वाचकहो, बंडीचे दिवस परत आणा असे मी म्हणत नाही. पक्की सडक झाली म्हणून अडलेली बाई रात्री-अपरात्री दवाखान्यात पोहोचते; टेलिफोन झाला म्हणून मृत्यूचा निरोप ओढ्यापाशी अडत नाही. याबद्दल देवाचे आभारच मानले पाहिजेत. परंतु बंडी गेली तेव्हा तिच्यातून तीन गोष्टी आपण उतरवून घ्यावयास हव्यात: ठरलेला दिवस, बरोबर नेलेला दाणा आणि रात्रीचा मुक्काम. या तीन गोष्टींना बैल लागत नाहीत. मोटारसायकलीच्या मागे पाच शेर तांदूळ आणि एक चादर सहज बांधता येते.

कपाशी आता घरी येत आहे. दूर दिलेली बहीण, गाव सोडून गेलेला भाऊ, शाळेतील एखादा सोबती, ज्याचे नाव निघाले की आपण ‘एकदा गेले पाहिजे’ असे म्हणतो, अशी माणसे प्रत्येक घरी आहेत. आज रात्री जेवणे झाली म्हणजे घरातील सर्वांनी बसून त्यांतील एकाचे नाव घ्यावे, दिनदर्शिकेवर एका दिवसावर खूण करावी, आणि त्यांना कळवावे, की आम्ही येत आहोत, जेवणाची तजवीज करू नका, राहावयास येत आहोत.